मॅच-केस वापर, पण आवरून

भाऊ, रावेर-यावलच्या केळीगाड्यांच्या नोंदींसाठी पायथनचं मॅच-केस (आलेली किंमत एकेका केसमधल्या नमुन्याशी, म्हणजे पॅटर्नशी, ताडणारी रचना) घेतलंस, हरकत नाही, ३.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून ते आहे. पण एकाच केसमध्ये डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा संच), तिच्यात लिस्ट, वर इफची अट असं कोंबू नकोस. दोन पातळ्या पुरे, आतलं वेगळ्या फंक्शनमध्ये काढ.

खरा धोका नावाचा. वर 'रावेर' व्हेरिएबल ठेवून केसपुढे नुसतं तेच नाव लिहिलंस, तर तुलना होतच नाही. येईल ती किंमत त्या नावात भरली जाते आणि यावलची गाडीही रावेरच्या खात्यात जाते. अशी केस मधे असली तर सिंटॅक्स एरर येते. शेवटी असली तर पायथन चकार शब्द काढत नाही. म्हणून मजकूर थेट अवतरणात लिही, नाहीतर ईनम (ठरलेल्या नावांचा गट) करून 'तालुका.रावेर' असं टिंबाचं नाव दे.

डिक्शनरीत जास्तीच्या 'की' (जोडीतली नावं) असल्या तरी पॅटर्न जुळतो. त्यामुळे 'वजन आणि भाव'ची केस नुसत्या 'वजन'च्या वर हवी.

शेवटी अंडरस्कोरची (कशालाही जुळणारी) केस ठेवून एरर उठवच. सुटलेली शक्यता रस्ट (दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा) कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याआधीच, पकडतो, पायथन गुपचूप पुढे जातो.