महिन्याला डोकेदुखीच्या दोन स्ट्रिपा संपतात, चालतं का?

प्रश्न: मी ३८ वर्षांची, डोंबिवलीहून रोज लोकलने नोकरीला जाते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. चारच्या सुमाराला डोकं धरतं, दोन्ही बाजूंनी, ओढणी करकचून बांधल्यासारखं, मानही आखडते. मळमळ-उलटी काही नाही, कामं चालूच असतात. डॉक्टर म्हणाले टेन्शनची डोकेदुखी आहे. मेडिकलवाला एक स्ट्राँग गोळी देतो, आधी महिन्यातून दोन-तीनदा लागायची, आता दहाच्या दोन स्ट्रिपा संपतात आणि हल्ली तर सकाळी उठल्याउठल्याच डोकं जड असतं. सासूबाईंना बीपी आहे, त्यांनाही अधूनमधून तीच देते. सेफ गोळी कुठली?

उत्तर: ताई, गोळीचं नाव तुम्ही कळवलंत ते इथे छापत नाही, पण स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा. त्यात पॅरासिटामॉल आहे, सोबत दुसरं एक पेनकिलर आणि वर कॅफिन. कॅफिनने गोळी जरा जास्त चढते हे खरं, पण अशा मिक्स गोळ्या महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, असं तीनेक महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. साध्या पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनला ही हद्द १५ दिवसांची. तुमचं सकाळचं जड डोकं मला तरी त्यातलंच वाटतं, आणि तसं असेल तर अजून स्ट्राँग गोळी मागणं म्हणजे आगीत तेल.

साधी पॅरासिटामॉलच पहिली निवड. लोक ५०० ची एक घेतात, तीही डोकं फुटायची वेळ आल्यावर, आणि मग म्हणतात काही होत नाही हो हिने. दुखायला लागलं की लगेच, मोठ्या माणसाला ५०० च्या दोन म्हणजे १००० मिलिग्रॅम, पुढचा डोस चार ते सहा तासांनी आणि तोही लागलाच तर. २४ तासांत ४ ग्रॅमची हद्द आहे, पण वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल तर तेवढंही नको, आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे सर्दीची एक आणि डोक्याच्या दोन असं करत कधी डबल डोस जातो ते कळतही नाही.

पॅरासिटामॉलने नाही भागलं तर आयबुप्रोफेन ४००, काहीतरी खाऊन. उपाशीपोटी चहावर ढकलायची नाही. अल्सर, किडनीचा किंवा हार्टचा त्रास, रक्त पातळ करायचं औषध, दमा यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, प्रेग्नन्सीतही नको. आणि पावसाळ्यात ताप असताना डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नको, तेव्हा पॅरासिटामॉलच.

सासूबाईंचं मात्र आजच थांबवा. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनसारखं औषध आणि सोबत लघवी जास्त करणारं औषध असेल तर त्यावर आयबुप्रोफेनसारखं पेनकिलर पडलं की किडनीवर तिहेरी मार बसतो, शिवाय बीपीही वर जातं.

आता तुमचं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडता ना, तशीच गोळीच्या दिवसावर एक फुली मारायची. किती गोळ्या ते नाही, किती दिवस ते मोजायचं. ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. ही मिक्स गोळी थांबवल्यावर पहिला आठवडा-दहा दिवस डोकं आणखी दुखतं, तेव्हाच माणसं घाबरून परत स्ट्रिप फोडतात, म्हणून डॉक्टरांना सांगूनच थांबवा. महिन्यातले १५ दिवस दुखत राहिलं तर ते रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमने सुरुवात करतील कदाचित. ते डिप्रेशनचंही औषध आहे, पण इथे कमी डोसमध्ये डोकेदुखी अडवायला देतात, फरक पडायला काही आठवडे लागतात, तोंड कोरडं पडतं, झोप येते. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणायचं औषध नाही ते. ट्रॅमाडॉल किंवा कोडीनवाल्या गोळ्या या दुखण्याला नकोच. दुपारी जेवण टाळून तिसरा चहा घेत असाल तर तेही आधी बघा.

आणि हो, क्षणात वीज पडल्यासारखं डोकं दुखलं, ताप येऊन मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढत गेलं तर कुठलीच गोळी नाही, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न: मुलगा नववीत, १४ वर्षांचा, क्लासवरून आला की डोकं दुखतं म्हणतो. सासऱ्यांची हार्टची ऍस्पिरिन घरात असते, त्यातली अर्धी देऊ का?

उत्तर: नको. १६ वर्षांखाली डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ऍस्पिरिन नाही, रेज सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरवर जाणारा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो. शिवाय हार्टसाठीची ७५ ची गोळी दुखण्यावर कामाची नसते, अर्धीने तर काहीच व्हायचं नाही. फारच दुखलं तर वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे ४० किलोच्या पोराला ६०० पर्यंत, ५०० ची एक बास. पण गोळीच्या आधी त्याचे डोळे तपासून आणा, आणि क्लासला जाताना डबा खातो का नुसता वडापाव, तेही विचारा त्याला.