वाचक विचारतात

प्रश्न : संगीतकार इलैयाराजांची ‘व्हॅलियंट’ ही सिम्फनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची पाश्चात्त्य रचना) ८ मार्च २०२५ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली. कधीच न ऐकलेलं संगीत एवढे वादक एकत्र वाजवतात कसे? महिनोन्‌महिने तालीम होते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : छे! लंडनच्या व्यावसायिक ऑर्केस्ट्रांना, म्हणजे वाद्यवृंदांना, बहुधा तीन-तीन तासांच्या मोजक्याच तालमी मिळतात. शेवटची तर कार्यक्रमाच्या दिवशीच. वादक समोरचं नोटेशन (स्वरलेखन) पहिल्याच नजरेत वाजवतात. त्यामुळे खरी तयारी आधी, टेबलावर होते. सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत, म्हणजे संपूर्ण संहिता, फक्त कंडक्टरपुढे (हातांच्या इशाऱ्यांनी वृंद चालवणाऱ्यापुढे) असते. प्रत्येक वादकाला त्याच्यापुरते कागद मिळतात, त्यांना ‘पार्ट’ म्हणतात. आमच्या मते नव्या रचनेची पहिली तालीम फसते ती बहुतेकदा या पार्टमुळेच.

फुंकून वाजवायची काही वाद्यं लिहिलेल्या सुरात वाजत नाहीत. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं, एफ हॉर्न तर सा-प इतक्या अंतराने खाली. पार्ट काढताना तेवढं वर चढवून लिहायचं राहिलं की सगळं बेसूर, आणि चूक सापडेपर्यंत सगळा वृंद हात बांधून बसलेला. संगीतकाराने शेवटच्या घटकेला चार बार (ठरावीक मात्रांचे तुकडे, त्यांना क्रमांक असतात) वाढवले आणि पार्टमध्ये बारचे आकडे तेच राहिले, तर कंडक्टर “२१४ पासून” म्हणतो आणि अर्धे जण भलतीकडूनच उचलतात. ट्रॉम्बोनला साठ बार विश्रांती असेल, तर प्रवेशाआधी दुसऱ्या वाद्याची ओळखीची ओळ बारीक टाइपात छापावी. नुसतं मोजत बसणारा चुकतोच.

पान उलटणं ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण व्हायोलिनचे दोन वादक एकाच स्टँडवर वाचतात. प्रेक्षकांच्या बाजूचा वाजवत राहतो, आतला पान उलटतो. म्हणजे त्या क्षणी निम्मी व्हायोलिनं गप्प! म्हणून उजवं पान विश्रांतीवर संपवतात, त्यासाठी खाली कोरी जागा सोडावी लागली तरी चालेल.

प्रश्न : सिम्फनी चालू असताना मधे टाळ्या वाजवल्या तर चालतं का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : हल्लीचा रिवाज शेवटी वाजवण्याचा. सिम्फनीचे भाग असतात, ते किती हे कार्यक्रमपत्रिकेत आधी पाहा, पण त्यावर विसंबू नका. काही रचनांत दोन भाग न थांबता जोडलेले असतात. कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबलेलं बरं. चुकून वाजलीच तर ओशाळू नका. १७७८ मध्ये पॅरिसला मोझार्टच्या नव्या सिम्फनीत लोकांनी भाग चालू असतानाच टाळ्या दिल्या होत्या, आणि स्वारी खूश होती.