इम्युनिटी वाढवायची नाही, आवरायचीय

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. सासूबाई 56 वर्षांच्या, दीड वर्षापासून संधिवात आहे, डॉक्टर र्‍हुमॅटॉइड म्हणाले. सकाळी बोटं इतकी आखडतात की पोहे निथळायला चाळणीसुद्धा धरवत नाही. मेथोट्रेक्सेट चालू होती, पण शेजारी कोणीतरी सांगितलं की ही कॅन्सरची गोळी, इम्युनिटी संपवते, तेव्हापासून बंद केलीय आणि इम्युनिटी वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा घेतात. बरोबर आहे का?
— एक सून, इंदूर

उत्तर : नाही हो, आणि मला खरंच काळजी वाटली वाचून. आईंची इम्युनिटी कमी नाहीये, ती चुकीच्या जागी भडकलीय. जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी आणि बी-पेशी त्यांच्याच सांध्यांच्या अस्तरावर उठल्यात, बी-पेशी तिथल्याच प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी बनवतात (तुमच्या रिपोर्टमध्ये अँटी-सीसीपी लिहिलंय का बघा, ती त्यातलीच), आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ हे रसायन सोडून सूज पेटती ठेवतात. त्या सुजेनंच हाड कुरतडलं जातं. मग अशात इम्युनिटी वाढवून काय करायचं?

आपल्या अंगात या पेशींना आवरणाऱ्या वेगळ्या टी-पेशीही असतात. जपानच्या शिमोन साकागुचींनी 1995 मध्ये त्या दाखवल्या, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये फॉक्सपी3 हा जीन शोधला, पुढे कळलं की या पेशी घडतात त्या त्याच्यामुळेच. तिघांना 2025 चं नोबेल मिळालं. या पेशी वाढवून उपचार करायचे प्रयोग चालू आहेत, पण आईंना आज उपयोगी पडेल ती तीच साधी गोळी.

कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट देतात हे खरं, पण तिथला डोस कितीतरी पटींनी मोठा. संधिवातात बहुतेक 7.5 ते 25 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच! रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात, आणि रक्ताची आणि लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी करायचीच. फरक पडायला 6 ते 12 आठवडे लागतात, बरेच जण त्याआधीच कंटाळून सोडतात. तिनं नाही भागलं तर टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं आहेत (आधी टीबी तपासतात, कारण दबलेला टीबी उठू शकतो), नाहीतर बी-पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब.

काढ्याचं सांगते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं, काहींना आधीपासून ऑटोइम्यून (इम्युनिटी आपल्याच अंगावर उठण्याचा) त्रास होता. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता हेही सांगायला हवं, पण मेथोट्रेक्सेटचाही ताण लिव्हरवरच येतो, तेव्हा आईंचा काढा आजच थांबवा. गोळी मात्र मनानं परत सुरू करू नका, याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या, किती दिवस बंद होती आणि काढा किती घेतला दोन्ही सांगा, लिव्हरची तपासणी होऊ द्या. उशीर नको, झिजलेलं हाड परत भरून येत नाही.