आमच्या विद्यापीठात दर गुरुवारी सॉफ्ट मॅटर (जेल, पॉलिमर असे मऊ पदार्थ) आणि मटेरियल मेकॅनिक्सचे सेमिनार होतात. माझ्या गाईडना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पहिल्या वर्षाच्या पीएचडी विद्यार्थ्याने सगळ्यांना बसावं का?

सगळ्यांना नको. पण 'वेळेचा अपव्यय' हे शब्द मी चार वर्षं ऐकलेत, म्हणून लिहायला बसलो.

माझं काम कार्बोपॉलच्या जेलवर होतं, केसांना लावायच्या जेलमध्ये असतो तोच. यील्ड स्ट्रेस, म्हणजे किती ताण दिला की जेल वाहायला लागतं, तो मोजायचा, एवढंच. आठ महिने रिओमीटरला (पदार्थ किती जोराने वाहतो ते मोजणाऱ्या यंत्राला) चिकटून होतो. आकडा दर वेळी वेगळा, आणि कमी शिअर रेटला, म्हणजे यंत्र हळू फिरवलं की, ताणाचा आलेख सपाट व्हायच्या ऐवजी खाली कलायचा. माझ्या गाईडचं, म्हणजे सरांचं, निदान ठरलेलं: "तुझं सॅम्पल नीट होत नाही." मग पुन्हा पावडर भिजव, पुन्हा कॉस्टिक घालून पीएच ७ वर आण, पुन्हा सेंट्रिफ्यूज लावून बुडबुडे काढ.

एका गुरुवारी सर बाहेरगावी होते म्हणून सेमिनारला गेलो. खरं तर समोशासाठी. पाहुण्या बाई इमल्शनवर (तेल-पाण्याच्या मिश्रणावर) बोलत होत्या, माझा काडीचा संबंध नाही. आणि मध्येच पडद्यावर माझाच आलेख! तोच कल. बाई म्हणाल्या, इथे पदार्थ वाहतच नाहीये, गुळगुळीत प्लेटवरून घसरतोय. प्लेटलगत पाण्याचा पातळ थर सुटतो आणि अख्खा गोळा ओल्या हातातल्या साबणासारखा सरकतो. यंत्राला वाटतं, वाहिला.

मी हात वर केला. घसरतंय हे ओळखायचं कसं? त्या म्हणाल्या, पॅरलल प्लेट (दोन समांतर चकत्या) घ्या, गॅप, म्हणजे मधलं अंतर, १ मिमी ठेवून मोजा, मग ०.५ ठेवून. आलेख एकमेकांवर बसले नाहीत तर घसरतंय. मग दोन्ही प्लेटना सँडपेपर लावा.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून वॉटरप्रूफ पॉलिश पेपर आणला, डबल टेपने डकवला. कल गेला. आठ महिन्यांचा डेटाही गेला.

सर चिडले, पण डेटासाठी नाही. "सगळ्या विभागासमोर विचारायची काय गरज होती? मला विचारायचं." अहो, आठ महिने तुम्हालाच तर विचारत होतो!

तेव्हा सेमिनार विषय बघून निवडू नका, मोजायची पद्धत बघून निवडा. या शाखेत 'माझा विषय नाही' ही सबब चालत नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांना १९९१चं नोबेल मिळालं तेच साध्या व्यवस्थांसाठी घडवलेल्या पद्धती लिक्विड क्रिस्टल आणि पॉलिमरलाही लागू पडतात हे दाखवल्याबद्दल. आणि प्रश्न सगळ्यांसमोरच विचारा. गाईडचा मान राखायला वर्षभर दिवस पडलेत.

हे सगळं प्रयोगवाल्याच्या अनुभवातून; सिम्युलेशनवाल्यांचं मला माहीत नाही. निम्मे सेमिनार रटाळच असतात. पंधराव्या मिनिटालाही वक्ता रूपरेषेवरच असेल तर उठा, त्यासाठी दाराजवळ बसा. आणि सँडपेपर लावलात तर त्याच्या जाडीमुळे गॅपचा शून्य पुन्हा घ्या, नाहीतर मला शिव्या द्याल.

पेपरच्या आभारात बाईंचं नाव सरांनी घालू दिलं नाही. थीसिसमध्ये मी घातलं, सरांच्या नावाच्या आधी.