गोव्यात पावसाळ्यात छोट्या लेमन टार्टवरचं मेरिंग (अंड्याचा पांढरा भाग नि साखर फेटून केलेला फेस) पाणी सोडतं, काय करू?

साधं कच्चं मेरिंग सोडा, स्विस मेरिंग करा. 2 अंड्यांचा पांढरा भाग नि 100 ग्रॅम साखर वाफेवर ठेवून ढवळत राहायचं, बोटांत चोळून साखर कचकचली नाही की (थर्मामीटर असेल तर 70 डिग्री) उतरवून भांडं थंड होईपर्यंत बीटरने फेटायचं. साखर हवेतला ओलावा ओढते आणि आपल्याकडे जुलैत मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं, तिथं बिचारं मेरिंग काय टिकणार! मी पणजीत घरून ऑर्डरी घेते, पावसात हेच करते. फक्त मेरिंग लावून फ्रीजमधे ठेवू नका, तरीही घाम फुटतो. लिंबाचं कर्ड (दही नव्हे, टार्टमधलं घट्ट आंबटगोड सारण) वेगळं फ्रीजमधे ठेवायचं, वाढायच्या तासभर आधी भरून वर मेरिंग.