साओ पाउलोत बिनफवारणीचा भाजीपाला कुठं भेटते?

प्रश्न : ताई नमस्कार. पोरगं ब्राझीलले साओ पाउलोत नोकरीवर आहे, अक्षय तृतीया झाली का मी अन् त्याची आई जाऊन राहिलो, मृगाच्या आत परत. आमच्या घरी आता रासायनिक पूर्ण बंद आहे, 2017 ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं गेली ते आम्ही जवळून पाह्यलं, तेव्हापासून मनच होत नाही. पोरगं म्हणते तिथं सगळं मॉलमधूनच आणतो. शाकाहारी आहोत, भाषा येत नाही. खरं सेंद्रिय कुठं भेटन अन् ते खरं आहे हे ओळखाचं कसं?
— एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, सगळ्यात आधी पोराले सांगा की शनिवार-रविवारची सकाळ मोकळी ठेव. मॉलमधे सेंद्रियचा कोपरा असतेच, पण तिथं भाव जास्त अन् पिकवणारा समोर नसते. तुम्ही शेतकरी माणूस, तुम्ही शेतकऱ्यापाशीच जा. बारा फुंदा नावाचं मेट्रो स्टेशन आहे, तिथून पायी जाता येते असा पार्के दा आग्वा ब्रांका म्हणून बगीचा आहे, 1929 मधे शेती अन् जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेला. तिथं 1991 पासून सेंद्रिय शेतकऱ्यांचा बाजार भरते. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत सगळं उठते. भेंडी, वांगी, भोपळा, बीट सगळं ओळखीचं दिसन, अन् ज्याचा आपण साबुदाणा खातो तो कंद मांदिओका म्हणून ताजा भेटते, तो मात्र नीट शिजवूनच खा, कच्चा अजिबात नाही.

आता ओळखाचं कसं, कारण खरा प्रश्न तोच आहे. ब्राझीलमधे सेंद्रियचा कायदा 2003 चा आहे, 2011 पासून सक्तीचा. पाकिटावर सरकारी शिक्का असते, त्यावर ‘प्रोदुतो ऑर्गानिको ब्राझील’ असं त्यांच्या लिपीत लिहिलेलं, पोराकडून एकदा पाहून घ्या. हा शिक्का दोन मार्गांनी भेटते, एक तर कंपनी येऊन तपासणी करते नाहीतर शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या वावरात जाऊन तपासते, आपल्याकडच्या पीजीएससारखंच. पण तिसरा मार्गही आहे अन् मले तोच सगळ्यात आवडते. छोटा शेतकरी स्वतःच्या हातानं थेट गिऱ्हाइकाले विकत असन तर त्याले शिक्का लागत नाही, फक्त तो सरकारदरबारी नोंदलेल्या गटात पाहिजे अन् त्याच्याजवळ तसा कागद पाहिजे. म्हणून शिक्का नाही दिसला तर मागं फिरू नका, कागद पाहा. मागितल्यावर खरा माणूस रागावत नाही. अन् ऐका, त्या कायद्यात लिहिलेलं आहे की अशा शेतकऱ्याच्या वावरात गिऱ्हाइकाले जाऊन पाहता आलं पाहिजे! साओ पाउलोच्या हद्दीतच दक्षिणेच्या टोकाले पारेलेइरोस भाग आहे, तिथं सेंद्रिय भाजीपाला पिकवणारे शेतकरी आहेत. बाजारात ओळख झाली की पोराले घेऊन एक दिवस तिकडे जाऊन या, माती हातात घेऊन तुम्हाले जे समजन ते कोणत्याच शिक्क्यानं समजणार नाही.

फसायची जागा एक आहे. हायड्रोपोनिकची पानं, मुळासकट पाकिटात, एकदम स्वच्छ दिसतात अन् लोक सेंद्रिय समजून उचलतात. तिथल्या नियमात पाण्यात वाढवलेलं पीक सेंद्रिय धरत नाहीत. शिमला मिरची अन् स्ट्रॉबेरी साध्या बाजारातून घेऊच नका, सरकारी तपासणीत औषधाचे अंश सापडलेल्या पिकांत ही दोन नावं वारंवार आलेली आहेत. तेल अन् मक्याच्या पिठाच्या पाकिटावर पिवळा त्रिकोण अन् त्यात काळा टी दिसला तर तो माल जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याचा, तिथलं सोयाबीन बहुतेक तसंच आहे.

तांदूळ अन् कडधान्यासाठी आर्माझेम दो काम्पो नावाचं दुकान पाहा. ते तिथल्या भूमिहीन शेतमजुरांच्या चळवळीचं आहे, एमएसटी म्हणतात तिले, जमीन मिळवून वसलेल्या कुटुंबांचा माल तिथं विकते. त्यांचा दक्षिणेकडचा सेंद्रिय तांदूळ तर लॅटिन अमेरिकेत सगळ्यात मोठ्या प्रमाणावर पिकते. बियाणं अन् औषध दुकानदाराच्या उधारीवर घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे दुकान एकदा डोळ्यांनी पाहावंच असं मले मनापासून वाटते. मसूर अन् छोलेही भेटतात, तूर मात्र शोधावी लागन.

बाहेर खायची वेळ आली तर किलोवर जेवण देणारी हॉटेलं खूप आहेत, ताट भरा, वजन करा, पैसे द्या. राजम्यासारख्या दिसणाऱ्या घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस घातलेलं असू शकते, दरवेळी विचारा. कोंबडी किंवा हॅम (डुकराच्या मांसाचे काप) हेही नको हे पोराकडून नाव घेऊन कागदावर लिहून घ्या, नुसतं मांस नको म्हटल्यानं भागत नाही.

दोन कामं इथूनच करून जा. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या अन् कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, ब्राझीलहून परत येताना आपल्या विमानतळावर ते मागतात, नसलं तर क्वारंटाइनमधे बसवतात. अन् तिथलं बियाणं कितीही आवडलं तरी खिशात टाकून आणू नका दादा, परमिट अन् रोगमुक्तीच्या सर्टिफिकेटशिवाय ते आणता येत नाही.