१९ इंची टायरच्या एसयूव्हीला हिवाळ्यात १७ इंची विंटर टायर चालतील का?

तुमचा पेच थोडक्यात असा: कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला राहता, २०२२ची टोयोटा रॅव्ह-फोर आहे, पेट्रोल, ऑल-व्हील ड्राइव्ह, टायर २३५/५५ आर १९. दुकानदार विंटर टायर २२५/६५ आर १७ घ्या म्हणतो, मित्र म्हणतो मूळ साइज सोडू नका, आणि फेसबुक मार्केटप्लेसवर कुणीतरी २३५/६५ आर १७ चा वापरलेला सेट रिमसकट स्वस्तात काढलाय.

दुकानदाराचं ऐका. २२५/६५ आर १७ ही त्याच्या डोक्यातून निघालेली साइज नाही, टोयोटाने याच पिढीच्या रॅव्ह-फोरच्या खालच्या ट्रिमना (म्हणजे कमी किमतीच्या व्हेरिएंटना) कारखान्यातूनच ती लावून दिली आहे. विंटर टायरसाठी हाच सगळ्यात भरवशाचा रस्ता: आपल्याच मॉडेलची सगळ्यात स्वस्त ट्रिम कुठल्या चाकावर येते ते बघायचं आणि तीच साइज घ्यायची. ब्रेकवर रिम बसेल का, फेंडरला घासेल का, हे प्रश्न कंपनीने आधीच सोडवलेले असतात. अपवाद प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे रॅव्ह-फोर प्राइमचा. ती १८ पासूनच सुरू होते, तिला १७ च्या वाटेला जाऊ नये.

आता गणित, कारण मित्राला पटवायचं तर आकडे लागतील. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे साइडवॉलची (रिमपासून रस्त्यापर्यंतच्या टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. तुमच्या टायरची साइडवॉल २३५ च्या ५५ टक्के, म्हणजे १२९.२५ मिमी. वर-खाली मिळून २५८.५, त्यात १९ इंचांचे ४८२.६ मिळवा: ७४१.१ मिमी. २२५/६५ आर १७ चं तसंच केलं तर २९२.५ अधिक ४३१.८, म्हणजे ७२४.३. फरक १६.८ मिमीचा, २.३ टक्के. सर्वसाधारणपणे ३ टक्क्यांच्या आत राहावं असं मानतात, आणि तेही मोठ्याऐवजी लहान बाजूला. टायर लहान झाला की मीटर थोडा जास्त वेग दाखवतो: काटा १०० वर असताना गाडी जेमतेम ९८ ने धावत असते. उलट्या बाजूला चूक झाली तर काटा १०० आणि गाडी १०३ ने, शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला टायर घासतो. गाडी जमिनीपासून ८ मिमी खाली येईल, ते जाणवणारही नाही.

खरा घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. लोक म्हणतात ‘१९ चं १७ करायचंय’ आणि फक्त शेवटचा आकडा बदलतात. २३५/५५ आर १७ मागवला तर व्यास ६९०.३ भरतो, म्हणजे जवळजवळ ७ टक्के कमी. गाडी एक इंच खाली बसते, मीटर खोटं बोलतो. रिम लहान केली की साइडवॉल वाढलीच पाहिजे. म्हणून ५५ चे ६५ होतात.

पुण्या-मुंबईकडे रिम मोठी करून घेणं ही हौस असते, त्यामुळे चाक लहान करायला मन तयार होत नाही. बर्फात मात्र हिशेब उलटा आहे. अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या चिखलात रुंद टायर वर तरंगायला बघतो, अरुंद टायर तो कापून खालच्या डांबरापर्यंत पोचतो. २३५ चे २२५ होणं हा फार मोठा फरक नाही, पण दिशा बरोबर आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती साइडवॉल: १२९ ऐवजी १४६ मिमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री गोठणाऱ्या पाण्याने ऑन्टारिओचे रस्ते फुटतात, आणि पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. त्यात १९ ची रिम वाकते, १७ चा जाड टायर बराचसा मार पोटात घेतो. शिवाय १७ चे टायर स्वस्त आणि निवडीला भरपूर.

मित्राचं म्हणणं चूक नाही, महाग आहे. मूळ साइज बसणारच. पण तुमच्या आहेत त्याच अलॉयवर दर ऑक्टोबर-एप्रिलला टायर चढवत-उतरवत बसलात तर दर वेळी बॅलन्सिंगचे पैसे, टायरच्या कडेवर ताण, आणि चांगल्या रिमला मिठाचा गंज. वेगळ्या स्टील रिमचा सेट दोन-तीन हिवाळ्यांत बराचसा वसूल होतो.

मार्केटप्लेसवरचा २३५/६५ आर १७: व्यास ७३७.३, तुमच्या मूळ टायरच्या अगदी जवळ, आकड्यांत दोष नाही. रिम बरोबर असेल तर घेता येईल. पण जाऊन प्रत्यक्ष बघा. साइडवॉलवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. एवढा जुना रबर कडक झालेला असतो, खाचा कितीही खोल दिसोत. आणि खाचांची खोली गेजने मोजा. ४ मिमीच्या आसपास आलेला विंटर टायर बर्फात निरुपयोगी, त्यामुळे ५ मिमीचा सेट म्हणजे फार तर एक हिवाळा. चारही टायरची झीज सारखी हवी. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये एका चाकाचा घेर कमी असला की पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं कपलिंग विनाकारण झिजत राहतं.

‘ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, दोनच टायर बदलू’ हेही नको. पुढे विंटर, मागे ऑल-सीझन (एरवीचे बारमाही टायर) असं केलं की ब्रेक दाबताच किंवा वळणावर मागचा भाग पुढे यायला बघतो. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही.

रिम घेताना तीन गोष्टी बघा. नटांची मांडणी ५ × ११४.३, मधलं भोक ६०.१ मिमी, नटाचा आटा १२ × १.५. बाजारातल्या रिमचं मधलं भोक बहुधा मोठं असतं, मग हबवर बसणारी रिंग लागते. ती नसली की ९०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंग करून घेत बसतात. नटांची बैठकही तपासा: टोयोटाच्या कित्येक अलॉयना सपाट वॉशरचे नट असतात, बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे. चुकीचा नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धरत नाही.

टायरवर साइजनंतर लिहिलेलंही वाचा. तुमच्या मूळ टायरवर १०१ व्ही आहे: १०१ म्हणजे एका टायरला ८२५ किलो. नवा यापेक्षा कमी नको. २२५/६५ आर १७ बहुधा १०२ चा मिळतो, म्हणजे ८५० किलो. अक्षर म्हणजे टायरचा कमाल वेग, ते मात्र खालचं चालतं: व्ही ताशी २४० किमीचं, टी १९०, एस १८०. हिवाळ्यात ४०१ महामार्गावर एवढ्या वेगाने जायचं कुणाला? चिन्ह तीन शिखरांच्या डोंगरातल्या हिमकणाचंच हवं, नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही. ऑन्टारिओत विंटर टायर सक्तीचे नाहीत, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते. एजंटला फोन करून मागून घ्या. क्वेबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च ही सक्ती आहे आणि तिथे हेच चिन्ह लागतं. खिळ्यांचे टायर दक्षिण ऑन्टारिओत चालत नाहीत.

नव्या रिमला हवेच्या दाबाचे सेन्सर घ्या आणि गाडीत नोंदवून घ्या, नाहीतर दिवा सबंध हिवाळा पेटलेला राहील. दाब दारावरच्या स्टिकरप्रमाणे, पण थंड टायरवर. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरलेला टायर उणे २० ला २८ वर येतो, गळती नसतानाही. म्हणून थंडी पडली की परत तपासा.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या, टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढच्या दिशेने ठेवा, नट आडव्या-तिडव्या क्रमाने १०३ न्यूटन-मीटरला आवळा, म्हणजे ७६ फूट-पाउंड, आणि ८०-१०० किमी झाल्यावर पान्याने परत बघा. एअर गनने आवळून सोडून देणारी दुकानं बरीच आहेत.

वेळ ठरवायची ती तापमानावर, बर्फावर नाही. सलग ७ अंशांच्या खाली जायला लागलं की ऑल-सीझनचा रबर आखडतो. अपॉइंटमेंट दिवाळीच्या सुमाराला घेऊन ठेवा. पहिला बर्फ पडला की दुकानात दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही.